आकडा संपला की वळायचं

आमच्या अप्पांचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि कागदावर त्याहून नव्हता. जोरावर होता. बंदराजवळच्या साखळ्यांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला, आणि तिथे त्यांचं काम एकच. तयार झालेली साखळी मशीनच्या दोन जबड्यांत अडकवायची आणि ताणायची. पेलायचं असेल त्याच्या दुप्पट ताण द्यायचा. तुटली नाही तर शेवटच्या कडीवर शिक्का, तुटली तर खडूची फुली आणि रवानगी भंगारात.

"विचारायचं काय त्यात?" म्हणायचे. "लोखंडाला विचारलंस तर ते 'मी ठणठणीत आहे' असंच सांगणार. ताणून बघायचं."

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा सुरुवातीला माझ्यावरही तोच प्रयोग झाला. चहा गारच का, दार आपटलं कुणी, भाजीत मीठ आहे की अंदाज. मी काही तुटले नाही. मग एक दिवस म्हणाले, "सूनबाई, आधी तू जेवून घे, आमचं काय ते मागाहून बघ." तो माझा शिक्का. तेव्हापासून आमचं जे जमलं ते माझ्या नवऱ्याचं आणि माझंही जमलं नसेल. अर्थात तो ट्रक चालवतो, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, त्यामुळे त्याला फारशी संधीही मिळालेली नाही.

साखळीची लांबी मोजणारा माणूस कारखान्यात वेगळा होता. अप्पा त्याला फीतवाला म्हणत, आणि म्हणताना तोंड असं करत की जणू दातात खडा आलाय. "फीत घेऊन फिरणं हे काय काम आहे? ते तर शिंपीही करतो." मग माझ्याकडे बघून घाईघाईने, "तुझं तसं नाही गं." कारण मी पडद्यांच्या दुकानात कामाला आहे, आणि दिवसभर माझ्या गळ्यात फीतच असते.

आता हे सगळं आकड्यापर्यंत कसं आलं ते सांगते.

अप्पांना एक थोरले भाऊ होते. ते विसरत गेले. शेवटी शेवटी तर स्वतःच्याच घराची कडी वाजवून विचारायचे, "ते आहेत का घरात?" ते म्हणजे ते स्वतःच. घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, शेजाऱ्यांना कळलं होतं, दूधवाल्यालाही कळलं होतं. फक्त त्यांना कोणी सांगितलं नाही. मोठ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून सगळे मूग गिळून बसले. एकदा ते शेजारच्यांच्या नातवाला फिरायला घेऊन गेले आणि एकटेच परत आले. पोर संध्याकाळी बाजारात सापडलं, रडून रडून पोत्यांवर झोपी गेलेलं. थोरल्यांना विचारलं तर म्हणाले, "कुठलं पोर?"

अप्पांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

म्हणून माझी ठकी बालवाडीत जायला लागली, मी पुन्हा दुकानात जायचं ठरवलं आणि दुपारी तिला आणायचं कोणी हा प्रश्न आला, तेव्हा अप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवस गॅलरीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवलं.

"मी आणीन तिला. पण माझी एक अट आहे. अट तुला नाही, मलाच आहे."

"काय अट?"

"मी एक आकडा घडवलाय. रिटायर झाल्यावर तेच तर करत होतो. तुम्हाला वाटायचं म्हातारा गॅलरीत डुलक्या काढतो."

"काढत होतातच की."

"अधूनमधून." ते हसले नाहीत. "मूळ संख्या म्हणजे काय ठाऊक आहे ना? एकने जातो आणि स्वतःने जातो, बाकी कशानेही भाग जात नाही तो आकडा. न तुटणारा. मी असा एक अंक घेतला. त्याच्या उजवीकडे दुसरा अंक जोडला आणि ताणून बघितलं. दोनने भागला, तीनने, पाचने, सातने. तुटला, की तो अंक काढून दुसरा लावायचा. नाही तुटला, की पुढची कडी. अशा आठ कड्या झाल्या. नववी बसेना. नऊच्या नऊ अंक लावून बघितले, शून्यसुद्धा लावलं. काहीही लाव, कुठून ना कुठून फुटतोच. मागे जाऊन दुसऱ्या कड्यांनी सुरुवात करून बघितली, तरी याच्यापेक्षा मोठा कुठलाच होत नाही. म्हणजे वाढ तिथेच संपली. कोटीच्या घरातला आकडा आहे, एवढंच सांगतो."

"मग आता त्याचं काय करायचं?"

"तो फक्त माझ्या डोक्यात आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी तो आठवणार आणि ताणणार. डोकं सरकायला लागलं तर आकडा चुकेल. चुकलेला आकडा बहुतेक करून तुटणाराच निघतो. न तुटणारे मुळात थोडे, आणि जितकं मोठं जाशील तितके विरळ. म्हणजे चुकलो की ताणताना मला कळणार. कोणी सांगायला नको."

"मला सांगून ठेवा ना आकडा. मीच बघत जाईन."

"नको. तू हळवी आहेस. मी अडखळलो की हळूच सुचवशील."

ते खरंच होतं.

"ज्या दिवशी तुटेल," ते म्हणाले, "त्या दिवसापासून पोरगी माझ्या हातात द्यायची नाही. मी भांडेन. मी थोरल्याचा भाऊ आहे, चांगला कडाकडा भांडेन. तरी द्यायची नाही."

"आणि नाही तुटला तर?"

"तर माझ्यावर संशय घ्यायचा नाही. पास म्हणजे पास."

मला पटलं. न पटायला काय होतं? शाळा माझी लवकर सुटली, पुढचं मी दुकानात रद्दीतली पुस्तकं वाचून आणि पडद्यांच्या चुण्यांचे हिशेब करून शिकले. अप्पांचं आणि माझं, दोघांचंही शिक्षण तसं उघड्यावरचंच. पण जगात किती सासरे स्वतःला असं जबड्यात अडकवून घेतात?

पहिल्या वेळी जवळजवळ आठवडा लागला. आकडा एवढा मोठा की त्याला हजारभर भाजकांनी भागून बघावं लागतं. त्याच्या वर्गमुळाच्या पुढे जायची गरज नाही, असं अप्पांनी मला समजावलं, पण वर्गमूळच आठ-साडेआठ हजारांचं. ते सकाळी गॅलरीच्या फरशीवर गुडघे टेकून बसायचे, कारखान्यातल्यासारखा जाड खडू घेऊन. भागाकार उतरत उतरत कुंड्यांपर्यंत जायचे. मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वरून सुरुवात. मी कपडे वाळत घालायला गेले की ओरडायचे, "थांब, आकडा दिसेल, वर बघत ये!" मी वर बघत जायची आणि बादलीला अडखळायची. खडूचं खोकं संपलं. गुडघे पांढरे, बोटं पांढरी, मिशीसुद्धा पांढरी; ती आधीपासूनच होती म्हणा.

शनिवारी ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "पास."

ठकीने टाळ्या वाजवल्या. मला एकदम हलकं वाटलं.

बालवाडीतून घरी यायला कालव्याच्या काठाने वाट आहे. एका बाजूला गोदामांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये दगडी फरसबंदी. पूर्वी तिथे माल उतरायच्या नावा लागायच्या, त्यांचे दोर बांधायचे लोखंडी खांब अजून आहेत, कमरेएवढे, गंजलेले. कठडा नाही, प्रत्येक खांबाशी पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या मात्र आहेत, शेवाळलेल्या. आठव्या खांबाशी पूल. पुलावरून वळलं की पलीकडे आमची गल्ली.

अप्पा ठकीचं बोट धरून चालायचे आणि हातातल्या छत्रीने प्रत्येक खांबावर टकटक करायचे. पोरीला तो मोठा खेळ वाटायचा. तिच्या हातात स्वतःची काठी आली, मग घरीही सुरू झालं. खुर्चीच्या पायांवर टकटक, जिन्याच्या कठड्यावर टकटक.

"सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, तीन. वळायचं!"

"अगं, असं नसतं गं," मी म्हणायची. "एक, दोन, तीन, चार."

"ते बालवाडीतलं. हे खांबांचं आहे."

मी बालवाडीच्या बाईंना जाऊन सांगितलंसुद्धा, की पोरीचे आकडे कच्चे आहेत, जरा लक्ष द्या.

पुढचे काही महिने असेच गेले. मग एका महिन्यात अप्पांचं काम दोन-तीन सकाळींतच झालं. "हात बसला," म्हणाले. खरं तर कौतुकच वाटलं. आणखी काही महिन्यांनी एकाच सकाळीत. मी दुकानात निघायच्या आत "पास" अशी आरोळी. फडकं पिळून वाळतसुद्धा घातलेलं.

फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, सत्तरी उलटली तरी माणूस धारदार होत चाललाय. मी इथे टोलनाक्यावर सुट्टे पैसे मोजताना चुकतो."

"तरी मला जरा..."

"पास झाले ना? मग झालं तर."

झालं तर. पण अप्पांनी एकदा चहात दोनदा साखर घातली आणि एकदा अजिबात घातली नाही. मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती जाऊन किती वर्षं झाली. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून, तेवढ्याच उत्सुकतेने. माझ्या मनात पाल चुकचुकायची, आणि तिला मी आकड्याने हुसकून लावायची. कोटीच्या घरातला आकडा! मला माझ्या बँकेच्या खात्याचा नंबर पाठ नाही.

एका दुपारी मी घरी आले तर ठकीचे बूट दाराशी पालथे घातलेले. मोजे ओलेचिंब, घोट्यापर्यंत.

"पाण्यात गेली होतीस?"

"मी नाही," ठकी रंगवता रंगवता म्हणाली. "आजोबा लवकर वळले."

"लवकर वळले म्हणजे?"

"मग मी पुढचं म्हटलं."

एवढ्यात दुकानातून फोन आला, कुठल्याशा हॉटेलची ऑर्डर होती, आणि नंतर अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "डबकं होतं गं वाटेत." त्यांच्या पँटच्या कडाही ओल्या होत्या. परवावर एक तारीख आली होती. मी म्हटलं, बघू परवा.

परवा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, गॅलरीत गेले आणि चहा निवायच्या आत परत आले. "पास."

"एवढ्यात?"

"ताणून बघ हवं तर," ते म्हणाले, आणि इतकं मनापासून, इतकं पोरासारखं हसले की मलाच लाज वाटली. पास म्हणजे पास. मीच कबूल केलं होतं.

खोक्यातला खडू त्या महिन्यात झिजला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी केर काढताना तो बघायची, जसाच्या तसा, आणि का कोण जाणे, त्याला हात लावायची नाही.

मग ती एक तारीख आली. त्या दिवशी अप्पा गॅलरीत गेलेच नाहीत. मी डबा भरत होते. ते दाढीचा साबण गालाला लावून आरशासमोर उभे होते, तिथूनच म्हणाले, "पास."

"अहो, बसलात कधी?"

"बसायचं कशाला? तोंडी होतं आता."

मी डबा घेऊन निघाले. दुकान काही थांबत नाही.

दुकानात त्या दिवशी एक गिऱ्हाईक बाई तणतणत आली. मागच्या महिन्यात शिवून नेलेले पडदे तिने काउंटरवर टाकले. "एका धुण्यात असे झाले!"

आमचे मालक म्हणजे गोड बोलणारे गृहस्थ, पण पैसे परत करायची वेळ आली की कान बंद. त्यांनी पडद्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघांनी मिळून बाईंसमोर खसाखसा ओढून दाखवलं. "बघा ना बाई. उसवलाय कुठे? फाटलाय? इतका जोर लावला तरी शिवणीचा एक टाकासुद्धा..."

"फाटला नाही हो!" बाई ओरडली. "फाटला कुठे म्हणतेय मी? आटलाय! खालून अर्धी खिडकी उघडी दिसते!"

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "फीत लाव गं."

मी गळ्यातली फीत काढली आणि तिथेच उभी राहिले.

कडी कडी जोडत आणलेला आकडा. प्रत्येक कडी जोडताना ताणून बघितलेला. म्हणजे शेवटची कडी गळली तरी उरलेला आधीच पास झालेला. त्याच्या आधीची गळली, तरी पास. मधला अंक चुकला असता, उलटसुलट झाला असता, तर तुटला असता आणि अप्पांना कळलं असतं. पण म्हातारपण मधून कुठे कुरतडतं? ते शेपटाकडून खात येतं. आणि अप्पांनी जगातला असा नेमका आकडा घडवला होता, जो शेपटाकडून कितीही खाल्ला तरी ताणाला उभा राहतो. आठवडाभराचं काम दोन सकाळींवर आलं, एका सकाळीवर आलं, चहाच्या कपावर आलं. आज दाढीच्या साबणावर. हात बसला नव्हता. साखळी आखूड झाली होती, आणि आमच्या घरात लांबी मोजणारं कोणीच नव्हतं. फीत माझ्या गळ्यात होती.

आणि मग ते दुसरं आठवलं. आठ कड्या, आठ खांब. सात, तीन, नऊ. हे खांबांचं आहे. आजोबा लवकर वळले.

"अगं, लाव ना फीत," मालक म्हणाले.

मी फीत काउंटरवर टाकली आणि पळाले. चप्पल बदलायचंही सुचलं नाही. दुकानातल्या सपाता पायात तशाच. बालवाडी सुटायची वेळ होऊन गेली होती. पुलावर पोचले तेव्हा छातीत भाता चालला होता. काठाकडे बघितलं.

ती दोघं पार तिकडे होती, पहिल्या खांबाशी.

अप्पांनी छत्रीने खांबावर टकटक केलं. आवाज आला नाही, नुसती छत्री हलताना दिसली. मग ते वळले. न थबकता, न बिचकता, रोज पुलाकडे वळतात तसेच, मान ताठ, बोटात पोरीचं बोट. समोर पूल नव्हता. त्यांचा पाय पहिल्या पायरीवर गेला, मग दुसऱ्या.

मी धावत सुटले.

धावता धावता दिसत होतं. ठकीने बोट सोडवून घेतलं होतं आणि त्यांच्या हातातल्या छत्रीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं. टाचा दगडाच्या खाचेत रोवून ती मागे रेलली होती, अख्खी, विहिरीतून बादली ओढावी तशी. आणि वरच्या पट्टीत म्हणत होती, रागावल्यासारखं, पाढे चुकणाऱ्या मुलाला म्हणतात तसं, "तीन! आजोबा, तीन!"

अप्पा थांबले. पाण्यात गेलेला पाय त्यांनी बाहेर घेतला. वर आले. दुसऱ्या खांबापाशी जाऊन टकटक केलं.

"नऊ!" ठकी म्हणाली.

मी पोचले तेव्हा ती चौथ्या खांबाशी होती. मी तिला उचलायला वाकले तर तिने मला हाताने मागे सारलं.

"आई, मध्ये बोलू नको. चुकेल."

म्हणून मी बोलले नाही. दोघांच्या मागून, पाण्याच्या बाजूने चालत राहिले. अप्पांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसून मान हलवली, रस्त्यात भेटलेल्या भल्या बाईकडे बघून हसतात तसं. नऊ. एक. तीन. तीन. आठव्या खांबाशी ठकी म्हणाली, "वळायचं," आणि आम्ही पुलावर आलो.

पुलाच्या मध्यावर मी तिला हळूच विचारलं, "रोज असंच करतेस?"

"आधी आजोबाच सगळं म्हणायचे. मग एकच माझ्यावर राहायचा. आता पहिला सोडून सगळे मीच म्हणते." तिने सुस्कारा सोडला, अगदी माझ्यासारखा. "दमते मी."

म्हणजे इतके दिवस पोरीला आजोबा आणत नव्हते.

घरी आल्यावर मी अप्पांचे मोजे काढले, पाय पुसले. ते पुसू देत होते. मग मी त्यांच्या समोर बसले, ते अट घालायला बसले होते तशीच.

"अप्पा, आकडा सांगा."

"सांगायचा नाही असं ठरलंय."

"आज सांगा."

ते सरसावून बसले. खिशात हात घातला, चष्मा पुसला. "सात."

"त्याच्या पुढे?"

"पुढे काय? सात. दोनने जात नाही. तीनने..." बोटांवर बघितलं, "तीनने नाही. भाग बघू तू. तुटत नाही तो."

"तुटत नाही," मी म्हटलं. "आखूड झालाय अप्पा. आठ कड्यांचा होता."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू सरकत गेलं. मला वाटलं कळलं नाही. पण जन्मभर ज्याने एकच काम केलं त्याच्या आत ते काम सगळ्यात शेवटी विझत असावं.

"फीतवाला काय करत होता?" ते म्हणाले.

"फीतवाला नव्हताच अप्पा."

"नव्हता?" त्यांनी जबडा आवळला. "लांबी न मोजता शिक्का मारला? कोणी मारला?"

ठकी मध्येच म्हणाली, "तुम्हीच मारला आजोबा," आणि तिला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

अप्पा उठले, गॅलरीत जाऊन तो न झिजलेला खडू घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला. "मार फुली. नापास माल शिल्लक मालात राहता कामा नये."

"मी नाही मारणार."

"हळवी आहेस," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच आपल्या कोटाच्या बाहीवर भली मोठी फुली काढली. ठकीला ती इतकी आवडली की तिने आपल्या फ्रॉकवरही काढून घेतली. त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन नापास माणसं एकमेकांना चिकटून बसली होती आणि तिसरी स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होती.

मला वाटलं, चला, निदान सांगून झालं. थोरल्यांसारखं नाही झालं. यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कोट घातला, बाही झटकली, "हे काय पांढरं लागलंय," म्हणाले, आणि छत्री घेतली.

"कुठे निघालात?"

"पोरीला आणायला. वाट बघत असेल."

"अप्पा, मी आणलंय तिला. काल तुम्ही नापास झालात."

"मी?" ते ताठ झाले. "सात. ताण! ताणून बघ! तुटतो का?"

"नाही तुटत."

"मग बाजूला हो. ठरलंय आपलं. पास म्हणजे पास."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ते म्हणाले होते तसेच कडाकडा भांडले. मी तुटले नाही. पण हा ताण दुप्पट नव्हता, त्याच्याही वरचा होता, आणि तो रोजचा झाला. दुकानात मी आता सकाळचीच जाते. मालक कुरकुरतात. नवरा जवळच्या फेऱ्या मागतोय, बघू कधी मिळतात. दुपार झाली की छत्री, दार, सात, ताणून बघ. त्यांना रोज नव्याने राग येतो आणि मला रोज तोच जुना.

ठकी हल्ली आत खेळत असते. तिला आजोबांच्या भांडणाची सवय झालीय, ती बाहुलीचे केस विंचरत राहते.

काल मात्र वेगळंच झालं. अप्पा कोट घालून आले. छत्री दाराच्या चौकटीवर टेकवली, टकटक केलं आणि तोंड उघडलं. मी वाट बघत होते. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा टकटक केलं. काहीच नाही.

रागावले नाहीत ते. भांडलेही नाहीत. मला क्षणभर, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. मी दारापासून पाठ काढली.

आणि ते वळले. मान ताठ, पाऊल मोजून टाकलेलं, आकडा संपल्यावर वळायचं असतं तसे. डावीकडे गॅलरी होती. दार उघडं, कपडे वाळत घातलेले, कठडा त्यांच्या कमरेएवढा, खांबाएवढा. माझा हात त्यांच्या कोटापर्यंत पोचायला हवा होता आणि पोचत नव्हता.

"सात!" आतून ठकी ओरडली. बाहुलीचा कंगवा तोंडात धरून, मानही वर न करता. "आजोबा, सात!"

अप्पा थांबले. छत्री उचलली आणि गॅलरीच्या दारावर टकटक केलं.

"सात," ते म्हणाले, आणि पुढच्यासाठी तिच्याकडे बघत राहिले.